आईची हाडं

मी पडले तेव्हा गाडी उभी होती. हे आधीच सांगून टाकते, कारण गेली पाच वर्षं मला ते प्रत्येकाला सांगावं लागलंय आणि कुणालाच ते पहिल्यांदा खरं वाटत नाही. क्रांती चौकातला सिग्नल लाल होता. मी स्कूटीवर, एक पाय खाली टेकवून. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न मारला, मी दचकले, तोल गेला आणि गाडीसकट डाव्या अंगावर कलंडले. हात टेकवला, एवढंच. पोरं दिवसातून दहा वेळा याहून जोरात पडतात, गुडघ्याला थुंकी लावतात आणि पळत सुटतात. माझं मनगट मोडलं.

हाडाच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. "कुठून पडलीस?"

"कुठूनच नाही," मी म्हणाले.

त्यांना मी उद्धट वाटले असणार. पण प्लास्टर घालून झाल्यावर त्यांनी एक चिठ्ठी लिहिली आणि एका डॉक्टर बाईंकडे जायला सांगितलं. सव्वीस वर्षांच्या मुलीचं हाड असं मोडत नसतं, का मोडलं ते त्या शोधतील, म्हणाले. मला ते शोधायची गरज नव्हती. मला ठाऊक होतं. चोराच्या मनात चांदणं, तशी मी ती चिठ्ठी आठवडाभर पर्सच्या तळाशी घालून हिंडले.

मी एका इंजिनिअरच्या ऑफिसात बांधकामाचे नकाशे काढते. कॉलममध्ये सळई किती, बीममध्ये किती, हे दिवसभर बघायचं. सळई कमी टाकणाऱ्या ठेकेदाराला फोनवर झापण्याबद्दल मी आमच्या ऑफिसात प्रसिद्ध आहे. त्याच वर्षांत मी माझ्या स्वतःच्या अंगात काय करत होते, याचा विचार केला की आजही मला स्वतःचा राग येतो आणि मग हसू येतं.

आमच्या घरात आम्ही दोघीच, आई आणि मी. बाबा मी दहावीत असताना गेले. उस्मानपुऱ्यात दोन खोल्या, पुढं तुळईएवढा लांबट ओटा. आई अंगणवाडी सेविका. शहराच्या कडेच्या एका वस्तीत तिची अंगणवाडी आहे. दर महिन्याला प्रत्येक पोराचं वजन, उंची, आणि दंडाचा घेर. दंड मोजायची ती रंगीत पट्टी असते ना, हिरवी, पिवळी, लाल, ती आईच्या पर्समध्ये कायम असायची, कंगव्याशेजारी. बस स्टॉपवर एखादी बाई किरकिरं पोर घेऊन उभी दिसली की आईचा हात पर्सकडे जायचा. कोणतं लेकरू उपाशी आहे, कोणतं नुसतंच बारीक अंगाचं आहे, हे तिला पट्टीशिवायही लांबून कळायचं. सगळ्या वस्तीत तिचा तो लौकिक होता.

आणि घरातलं तिला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पण यात तिचा दोष थोडा आणि माझी हुशारी फार. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून घरात उपासतापास नाहीत. सोमवार नाही, चतुर्थी नाही, नवरात्र नाही. ऑफिसातल्या मुली उपासाच्या नावाखाली डबा टाळू शकायच्या. मला तीही सोय नव्हती. मग मला अष्टशील सापडलं. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात जाणाऱ्या बायका पौर्णिमेला पांढरी साडी नेसून आठ शीलं घेतात. त्यातलं एक असं, की दुपारचे बारा वाजल्यानंतर जेवायचं नाही. बायका महिन्यातून एक-दोन दिवस पाळतात. मी रोज पाळायला लागले. वर्षावास संपला, दिवाळी झाली, हिवाळा आला, माझं शील चालूच.

आईला केवढा अभिमान! आजकालच्या पोरींना विहाराचा रस्ता माहीत नसतो आणि आपली लेक ऑफिस सांभाळून शील पाळते, हे तिनं उभ्या गल्लीत सांगितलं. विहारातल्या आज्या माझ्या डोक्यावरून हात फिरवायच्या. मी मान खाली घालून घ्यायचे. त्यांना वाटायचं नम्रता.

बारानंतर मी खात नव्हते हे सगळ्यांना माहीत होतं. बाराच्या आधी काय खात होते, ते मला एकटीलाच. आई नऊ वाजता घर सोडायची. डबा ती भरून द्यायची, डबा मोकळा होऊन घरी यायचा. त्याचं काय व्हायचं ते मी इथं सांगत बसणार नाही. सुरुवात कशामुळे झाली तेही नाही; ती गोष्ट मी समुपदेशक बाईंना पुष्कळ वेळा सांगितली आहे आणि आता मला तिचा कंटाळा आलाय. एवढंच सांगते की मला भूक लागायची. नेहमी लागायची. लोकांना वाटतं या आजारात भूक मरते. भूक मरत नाही, आपण तिच्याशी भांडून जिंकत असतो आणि त्या जिंकण्याची चटक लागते.

पाळी थांबून दीड वर्ष झालं होतं. तेही कुणाला कळलं नाही, कारण आमच्या घरी बाजूला बसणं नाही, शिवाशिव नाही, आजीच्या काळापासून नाही. शेजारच्या घरात मुलीची पाळी चार दिवस लांबली तरी सासू-आई-काकू सगळ्यांना पत्ता लागतो. आमच्याकडे तो विषयच प्रत्येकीचा स्वतःचा. मला त्या गोष्टीचा आजही अभिमान आहे. आणि त्याच गोष्टीआड मी आरामात लपले.

शेवटी डॉक्टर बाईंकडे गेले तेव्हा आई सोबत आली. एका हाताला प्लास्टर, तर गाडी कोण चालवणार, म्हणून रिक्षानं. बाईंनी वजन केलं, आकडा आम्हाला न दाखवता लिहून घेतला. मग विचारलं, "जेवण कसं आहे तुझं?"

उत्तर आईनंच दिलं, पदर सावरून, कौतुकानं. "दुपारनंतर काय खात नाय ती मॅडम. अष्टशील पाळती. तीन वर्षं होत आली, एक दिवस चुकली नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आणि दुपारच्या आधी?"

आई माझ्याकडे वळली. तिचं ते बघणं मी विसरणार नाही. लांबून लेकरू ओळखणारी तिची नजर, ती पहिल्यांदाच माझ्यावर आली होती. मी भिंतीवरच्या गर्भवतीच्या आहाराच्या तक्त्याकडे बघत बसले.

"पाळी?" बाईंनी विचारलं, आणि मी खरं सांगितलं. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

घरी आल्यावर आईनं चहा ठेवला. मग पर्समधून ती पट्टी काढली आणि माझ्या उजव्या दंडाला गुंडाळली. सवयीनं, जशी दर महिन्याला वीस-पंचवीस दंडांना गुंडाळायची तशी. ती पट्टी पाच वर्षांच्या आतल्या पोरांसाठी असते. माझ्या दंडाला ती आरामात पुरली आणि वर उरली. आई त्या उरलेल्या तुकड्याकडे बघत राहिली. "काखेत कळसा," एवढंच म्हणाली, आणि मोठ्यानं रडली. चहा उतू गेला. मीही रडले, पण खरं सांगते, मला आतून हलकंही वाटलं. आता लपवायचं नव्हतं.

हाडांची घनता मोजायची तपासणी दोन दिवसांनी झाली. एका गादीवर उताणं पडायचं, वरून यंत्राचा दांडा सरकत जातो, दुखत नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आईंचीही करून घ्या, साठीला आलात, एकदा बघायलाच हवं." आईनं नाही-हो करत करून घेतली. रिपोर्ट एकाच दिवशी आले. बाईंनी दोन्ही शेजारी ठेवले. आईची हाडं तिच्या वयाच्या मानानं ठणठणीत होती. ती अजिंठ्याकडच्या खेड्यातली. लहानपणी डोक्यावर मोळ्या वाहिल्या, ज्वारी खाल्ली, नंतर जन्मभर पोरं कडेवर घेतली. माझा कणा तिच्या कण्यापेक्षा पोकळ होता. नुसता माझ्या वयाच्या मुलींपेक्षा नाही, साठीला आलेल्या माझ्या आईपेक्षा.

बाईंनी समजावलं. तिशीच्या आत शरीर हाडांची भर घालून ठेवतं आणि पुढं आयुष्यभर त्यातूनच खर्च होतो. मी भर घालायच्या वर्षांत उपाशी राहिले. हाडांना राखणारं एक औषध शरीर स्वतःच बनवतं; पाळी थांबली तेव्हा तेही आटलं. आता खाणं हाच पहिला इलाज. वजन भरलं, पाळी आली, तर हाडं थोडीफार परत येतील. सगळी येतील का, ते सांगता येत नाही.

"मॅडम," आई म्हणाली, "माझी काढून हिला घाला ना. मला काय करायचीत आता."

बाई हसल्या. आई हसत नव्हती.

त्याच संध्याकाळी ती विहारात गेली, भन्तेजींशी भांडायला. मलाही ओढत नेलं. भन्तेजी म्हातारे, कमी ऐकू यायचं, त्यामुळे भांडण सगळ्या विहाराला ऐकू गेलं. "तुमच्या शीलापायी माझी पोर वाळली!" आई म्हणाली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मी रोज पाळते हे त्यांना माहीतच नव्हतं. मग म्हणाले, "ताई, भगवंतांनीबी उपास करून बगितला व्हता. पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाताला लागायचा, इतका. मग सोडून दिला. खीर खाल्ली. खीर खाल्ली म्हणून तर बुद्ध झाले."

"ती गोष्ट मला नका सांगू," आई म्हणाली. "दर वैशाख पौर्णिमेला खीर मीच शिजवते."

ते खरं होतं. आणि तीन वर्षं ती खीर द्रोणात वाढायला मीच उभी राहत होते, डाव हातात घेऊन, दोनशे-अडीचशे द्रोण. स्वतःच्या जिभेला थेंब लावला नव्हता. हे मी तिथंच बोलून गेले. भन्तेजींनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू, म्हणाले, "आठ नको. तू पाचच घे. रातच्याला जेव. शील मोडलं तर उद्या सकाळी परत घेता येतं बाळा. हाडाचं तसं नसतं." आणि त्यांनी मला पुन्हा पंचशील दिलं, आठवीतल्या मुलीला देतात तसं, एकेक ओळ म्हणवून घेऊन.

यानंतर मी जेवायला लागले आणि सगळं छान झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. भाताचा घास तोंडात फिरायचा आणि खाली उतरायचा नाही. मी आईवर ओरडायचे, ताट सरकवायचे. समुपदेशक बाईंकडे दर आठवड्याला जायचे आणि निम्म्या वेळा गप्प बसून यायचे. आईनं पहिले पंधरा दिवस "खा, खा" करून माझं डोकं उठवलं. गल्लीनंही हातभार लावला. कोपऱ्यावरचे कसाई चाचा आईला थांबवून सांगायचे, "पाये ले जाव आपा, हड्डी को हड्डीच होना." त्यामुळे दर रविवारी पाया, बकऱ्याच्या पायांचा रस्सा. पाया चांगला व्हायचा. मी वास घ्यायचे आणि रडायचे.

मग एक दिवस आईला स्वतःचा धंदा आठवला. जी पोरं खात नाहीत त्यांचं ती अंगणवाडीत काय करते? त्यांना "खा" म्हणत नाही. खाणाऱ्या पोरांच्या मधोमध बसवते, आपण समोर बसते, भलतंच काहीतरी बोलत राहते आणि त्यांच्या ताटाकडे बघत नाही. तेच मुख्य, ताटाकडे बघायचं नाही. लेकराला कळतं कोण मोजतंय ते.

दुसऱ्या शनिवारी मला सुट्टी होती. तिनं मला अंगणवाडीत नेलं आणि सतरंजीवर ओळीत बसवलं, तीन-चार वर्षांच्या पोरांच्या मधे, प्लास्टरच्या हातासकट. खिचडी वाढली गेली. मी ताटलीत बोट फिरवत बसले. माझ्या शेजारी एक दोन वेण्यांची चिमुरडी होती. तिनं माझं थोडा वेळ निरीक्षण केलं आणि खणखणीत आवाजात चहाडी केली. "बाई! ही दीदी खाईना! नुसतीच खेळायली!"

सगळी ओळ माझ्याकडे वळली. आई फळ्याकडे तोंड करून उभी होती. ती वळली नाही, पण तिची पाठ हलत होती, हसून. मीही हसले, आणि हसता हसता घास खाल्ला. नंतर दुसरा. ती चिमुरडी समाधानानं आपल्या ताटलीकडे वळली.

त्यानंतर मी जवळजवळ दोन वर्षं सुट्टीच्या शनिवारी तिथं जेवले. घरीही आईनं तोच नेम धरला. संध्याकाळी सातला ओट्यावर दोघींची ताटं, ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, आणि आईची बडबड. कुणाचं बाळ रांगायला लागलं, कुणाच्या सासूनं पाकिटातला आहार शेळीला घातला. ती माझ्याकडे कधी बघायची नाही. तिला ते किती जड जात असेल, हे मला तेव्हा कळलं नाही. ज्या बाईनं जन्मभर पोरांची ताटं निरखली, ती घरच्या ताटावरून नजर काढून समोरच्या नळाकडे बघत भाकरी खायची. ती पट्टी तर परत कधी घरात पर्सबाहेर निघाली नाही.

मधे दोनदा मी घसरले. एकदा फारच. सावरले. पाळी आली तेव्हा मी ऑफिसातून आईला फोन केला, आणि तिनं अंगणवाडीतल्या सगळ्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले, कशाबद्दल ते न सांगता. आता माझं बरं चाललंय. रोज संध्याकाळी चालून येते, हलके डंबेल्स उचलते, भाकऱ्या मीच थापते. मनगट थंडीत ठणकतं. परातीवर भाकरी थापताना तळहाताचा आवाज येतो ना, तो मला फार आवडतो. मोडलेला हात ते काम करतोय, याचं मला रोज थोडं कौतुक वाटतं. भूक लागली की मी जेवते. हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली.

गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी होती. मधे एक झाली होती, तेव्हा माझा आकडा जिथल्या तिथं होता. आणखी घसरला नाही यातच आनंद मानायचा, असं बाईंनी सांगितलं होतं. या वेळी मी घाबरले होते. एवढं खाऊन, एवढं रडून, हाडं आलीच नसतील तर? ती नाही आली तर मी पुन्हा त्या जुन्या वाटेला जाईन का, ही खरी भीती. मी ती आईला बोलून दाखवली नव्हती, पण ती सकाळपासून माझ्या मागंमागं होती. बाईंनी तिचीही तपासणी पुन्हा करायला सांगितली होती, म्हणून दोघी गेलो. स्कूटीवर, मी पुढं, ती मागं.

रिपोर्ट यायला दुपारचे दोन वाजले. बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पहिल्यांदा ठेवले होते तसेच. माझा कणा वर आला होता. थोडा, पण नक्की. माझ्या वयाच्या मुलींइतका नाही, कदाचित तितका कधीच होणार नाही, त्या म्हणाल्या, पण हाडं भरतायत. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. मग त्या आईकडे वळल्या आणि आवाज जरा जपून लावला. "मावशी, तुमची मात्र थोडी कमी झालीत. वयानुसार होतं. गोळ्या देते, पण आता खाण्याकडे लक्ष द्यायचं."

आईनं दोन्ही कागद हातात घेतले. एकावरची रेघ वर, दुसऱ्यावरची खाली. तिचं तोंड फुललं. इतकी वर्षं पोरांच्या वाढीचे आलेख वाचलेली बाई ती.

"बगा मॅडम!" ती म्हणाली. "मी म्हणलं नव्हतं? माझी काढून हिला घाला म्हणून?"

"मावशी, असं नसतं हो..." बाईंनी सुरुवात केली.

"व्हय, व्हय, तुमचं शास्त्र बरोबर हाय," आई म्हणाली. "पण माझं गेलं ते बाहेर कुठं गेलं नाय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि गोळ्यांची चिठ्ठी लिहायला घेतली.

परत येताना क्रांती चौकात सिग्नल लाल लागला. मी दोन्ही पाय खाली टेकवले. मागून आईनं माझा खांदा धरला होता, उन्हात तिचा हात गरम लागत होता. मागं रिक्षावाल्यानं हॉर्न मारला. मी हलले नाही.

घरी येऊन मी दोन ताटं वाढली. आई हात धुऊन ओट्यावर बसली आणि ताट बघून म्हणाली, "मला नको गं. आज पौर्णिमा हाय. बारा कधीच वाजून गेले."

"डॉक्टरनं काय सांगितलं?"

"शील घेतलंय सकाळी, घरीच."

"मोडलं तर उद्या परत घेता येतं," मी म्हणाले. "पुढचं तुला पाठ आहे."

ती माझ्याकडे रागानं बघत राहिली. ओठ आवळलेले, भांडणाच्या तयारीत. मी अजून एक शब्द बोलले असते तर ती उठून गेली असती, मी तिला ओळखते. म्हणून मी माझ्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तिला ऑफिसातली एक भलतीच गोष्ट सांगायला लागले, एका ठेकेदारानं जिना उलटा बांधला ती. थोड्या वेळानं भाकरी मोडल्याचा आवाज आला. मी समोरच्या नळाकडे बघत बोलत राहिले. तिच्या ताटाकडे बघितलं नाही.